मामांसाठी फीलमुर्गाचे कोफ्ते

परंड्यात आले की मामा जेवायला दर्जीच्या घरी जात. आमच्या दारावरनं जात. उंबऱ्याशी थांबून आईला "बरं हाय का, ताई?" विचारत आणि पाणीसुद्धा न घेता पुढच्या गल्लीत वळत. वर्षभर मी हे पाहिलं. ओसरीवर बसून पाहिलं, हातात पेन, समोर अर्धं लिहिलेलं पत्रक. त्या वर्षातली माझी पत्रकं फार जहाल निघाली असं लोक म्हणतात. त्याचं कारण कुणी विचारलं नाही.

मामा म्हणजे मराठी राज्याच्या चळवळीतले आमच्या भागातले सगळ्यात जुने कार्यकर्ते. निजामाच्या तुरुंगात जाऊन आलेले, पन्नाशी उलटलेले, लग्नाच्या भानगडीत न पडलेले. अख्खा तालुका त्यांना मामा म्हणायचा. पंधरवड्यातनं एकदा कुर्डुवाडीच्या गाडीनं उतरायचे, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सभा घ्यायचे आणि मग वाशी, येरमाळा असं पुढं जायचे.

आणि दर्जी म्हणजे माझ्याच वयाचा, माझ्याच वर्गात बसलेला, स्टँडसमोरच्या शिलाईच्या दुकानदाराचा पोरगा. घरात दखनी बोलायचा आणि सभेत असं मराठी की म्हाताऱ्या पदर डोळ्याला लावायच्या. पत्रक मी लिहायचो. मुद्दे मी काढायचो. रात्ररात्र बसून शब्द घासायचो. हा पठ्ठ्या तेच पत्रक खिशात कोंबून उभा राहायचा, त्यातला एक शब्दसुद्धा न वाचता काहीतरी आपल्या आजीची गोष्ट सांगायचा, आणि टाळ्या त्याला! हा न्याय आहे का? मी तेव्हाही विचारत होतो, आताही विचारतो.

मामा मुसलमानाच्या घरी जेवतात म्हणून गल्लीत कुजबुज होती. त्या कुजबुजणाऱ्यांची मी एका पत्रकात चांगली सालटी काढली. म्हणजे मामा तिथं जेवतात याला माझा तत्त्वतः पूर्ण पाठिंबा होता. पोटात मात्र आग होती, आणि ती तत्त्वानं विझत नव्हती. ज्याच्या घरी मामा जेवतात तो मामांचा माणूस, हे गावाला न सांगता कळायचं. मला काय पाहिजे होतं? मामांनी आमच्या पाटावर बसून पोटभर जेवावं. एवढंच.

एकदा जेवले होते. पहिल्यांदा परंड्यात आले तेव्हा आमच्याकडंच उतरले. आईनं गव्हाचा डबा उघडला. आमच्याकडं रोजची ज्वारीची भाकरी. गहू म्हणजे पाहुणा, जावई नाहीतर आजारी माणूस. त्या दिवशी आईनं तूप लावलेल्या पोळ्या केल्या, शिरा केला, वर कुरडया तळल्या. मामांनी सगळं खाल्लं, मान खाली घालून, एकेक घास. सकाळी चेहरा पांढराफटक. संध्याकाळची सभा रद्द झाली. त्यानंतर आमच्या घरी पाणीसुद्धा नाही. आईला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. मला वाटलं, दर्जीनं काहीतरी कान भरले.

खरं काय ते दर्जीच्याच तोंडून कळलं. त्याच्या दुकानाच्या फळीवर आम्ही पत्रकांच्या घड्या घालत होतो.

"तुला म्हाईत न्हाय व्हय?" तो म्हणाला. "मामांना गहू चालत न्हाय."

"चालत नाही म्हणजे?"

"पोटात गेला की माणूस आडवा. बार्शीच्या डॉक्टरनं सांगितलंय. पोळी न्हाय, शिरा न्हाय, शेवया न्हाय. गव्हाचा कण बी न्हाय."

"मग त्यांनी आम्हाला का नाही सांगितलं?"

"तुझ्या आईनं तूप लावून वाढलेली पोळी परत करायची? मामांची छाती निजामापुढं चालती गड्या, तुझ्या आईपुढं न्हाय चालत."

"आणि तुझ्या आईपुढं चालली?"

"कुठली! त्या दिवशी आमचा गव्हाचा डबा रिकामा व्हता. अम्मी लई शरमली. भाकरी वाढली, कोफ्ते वाढले. दुसऱ्या दिवशी मामा ठणठणीत. मग त्यांनीच हळूच सांगितलं."

मी घडी घालायचा थांबलो. म्हणजे आमच्या आईनं डबा भरलेला ठेवला म्हणून आम्ही हरलो, आणि यांचा डबा रिकामा होता म्हणून हे जिंकले! रिकाम्या डब्यावर निवडून आलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

"कसले कोफ्ते?" मी विचारलं.

"फीलमुर्गाचे. पेशकारसाहेबांनी एक दिला व्हता. खिमा करून, त्यात दाळव्याचं पीठ घालून गोळे वळायचे. पाव न्हाय, कणीक न्हाय, काय न्हाय. मामा अजून नाव काढतात." आणि वर म्हणतो कसा, "तुला करायचे असले तर अम्मीला इचार. सांगंल की."

त्याचा हा दिलदारपणा मला कधीच सोसला नाही.

मी खालाला, म्हणजे दर्जीच्या आईला, विचारलं. दात-ओठ खात विचारलं, पण विचारलं. तिनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. साधी कोंबडी पण चालते म्हणाली. पण मला साधी कोंबडी नको होती. त्याच्याकडं मामांनी फीलमुर्ग खाल्ला असेल तर माझ्याकडंही फीलमुर्गच पाहिजे.

फीलमुर्ग म्हणजे साहेब लोक ज्याला टर्की म्हणतात तो पक्षी. अख्ख्या परंड्यात तो एकाच अंगणात होता, किल्ल्याच्या बाजूला, म्हाताऱ्या पेशकारसाहेबांच्या. निजामाच्या कचेरीतनं निवृत्त झालेले गृहस्थ. येताना हैदराबादेहून ही पाखरं घेऊन आलेले. पक्षी काळाकुळकुळीत, गळ्याला लाल लोंबणारी कातडी, माणूस दिसला की फुगायचा आणि गुडगुड करत अंगावर यायचा. मला तो पक्षीसुद्धा जुन्या राजवटीतला वाटायचा. अडचण एकच होती. पेशकारसाहेबांवर मी पत्रक काढलेलं होतं.

ते खाटेवर बसले होते. मी मागणी सांगितली. त्यांनी मला खालून वर पाहिलं.

"वो पर्चा तुमेच लिखे ना?"

"हौ."

"मेरेकू मराठी पढना आता नै. जरा पढ के सुनाव."

एक प्रत त्यांच्या उशाखालीच होती. मी त्यांच्याच अंगणात उभा राहून, दोन फीलमुर्ग पायाशी घुटमळत असताना, खणखणीत वाचलं: 'निजामाचे उरलेसुरले चाकर अजूनही गाद्यागिरद्यांवर लोळत आहेत!' शब्द मागं घेणारा मी नव्हे.

"गादी है," ते म्हणाले. "गिर्दी नै. गिर्दी चूहे खा गए." मग बराच वेळ हसले. "लेजाव एक. बावर्ची साफ कर के देता." मी पत्रक घडी करत होतो तेव्हा पुन्हा म्हणाले, "लिखते अच्छा तुम. लेकिन बोलता अच्छा वो दर्जी का छोकरा."

इथंही तोच!

बुधवार होता. सण नाही, वार नाही, मामा संध्याकाळच्या गाडीनं येणार. वडील वाशीच्या शाळेत मास्तर, ते शनिवारीच घरी यायचे; म्हणजे घरात आई आणि मी. सकाळीच मी गव्हाचा डबा माळ्यावर चढवला. परात घासायला लावली. पोळपाट बाहेर काढला.

"आरं, पाहुण्याला काय नुसती भाकरी वाढू?" आई म्हणाली. "लोक थुकतील की तोंडावर."

"लोकांनी थुंकावं. गहू घरात दिसता कामा नये."

"तू बायामाणसाला सैपाक शिकवाय लागला, आता राज्य येणारच."

फीलमुर्गाचं मांस चिवट आणि कोरडं. चरबी म्हणून नाही. लाकडाच्या ठोकळ्यावर सातुरानं बारीक करता करता माझा दंड भरून आला. मग आईनं ते पाट्यावर घेतलं आणि वरवंट्यानं मऊ केलं. कांदा, लसूण, आलं, कोथिंबीर, भाजलेलं खोबरं, तिखट. दाळवं, म्हणजे भाजून फोडलेले हरभरे, मी स्वतः जात्यावर दळलं, वस्त्रगाळ केलं. ते खिम्यात मळलं तसा खिमा हाताला चिकटायचा थांबला आणि एकमेकाला धरू लागला. मी गोळे वळले. आई तव्यावर तेल सोडून एकेक परतू लागली. पहिल्या घाण्यातले चार-पाच फुटले, त्यांचा चुरा झाला. दाळवं कमी पडलं होतं. ते आईनं एका वाटीत बाजूला काढले. दाळवं वाढवलं, मग बाकीचे गोल, तांबूस, सुरेख निघाले.

रश्श्यापाशी आई अडली. आमच्याकडं रश्श्याला येसर लागतो: धान्यं आणि डाळी भाजून, मसाल्याबरोबर दळून ठेवलेलं पीठ. त्याच्याशिवाय रस्सा दाट होत नाही. आईनं येसराच्या बरणीला हात घातला आणि तशीच थांबली.

"ह्यात बी गहू भाजून घातलाय की रं."

"ठेव ती बरणी."

"मग रस्सा पाण्यासारखा व्हईल."

"होऊ दे."

तिनं बरणी जागेवर ठेवली. पाहुण्यापुढं पाण्यासारखा रस्सा, हे तिला किती लागलं ते मला कळायला पाहिजे होतं. पण मला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या सभेची भित्तिपत्रकं त्याच रात्री गावभर चिकटवायची होती आणि खळ शिजवायची राहिली होती. एरवी मी खळ अंगणात, तीन दगडांवर, रॉकेलच्या डब्यात शिजवायचो. त्या दिवशी अंगणातल्या चुलीवर फीलमुर्गाच्या हाडांचं पाणी उकळत होतं. म्हणून मी आत आलो, पितळी पातेलं घेतलं, त्यात खळ शिजवली, चुलीच्या कडेला ठेवली आणि स्टँडवर पळालो.

वाचणाऱ्यानं म्हणावं, अरे शहाण्या, खळ कशाची असते? कणकेचीच असते. पण ती कणीक घरातली नव्हती, चळवळीच्या पिशवीतली होती. सकाळपासनं मी घरातल्या गव्हाचा कण अन् कण हुडकत होतो, आणि खळ मला गहू वाटलीच नाही. खळ म्हणजे सामान. शाई, कागद, खळ, ब्रश.

स्टँडवर दर्जी माझ्या आधी उभा. गाडी आली. मामांची पिशवी मी त्याच्या हातात जाऊ दिली नाही.

"मामा, आज आमच्याकडं. गहू नाही. गव्हाचा वाससुद्धा नाही. फीलमुर्गाचे कोफ्ते केलेत."

मामांनी दर्जीकडं पाहिलं. परवानगी घेतल्यासारखं पाहिलं! दर्जी म्हणाला, "जावा की मामा. म्या बी येतोच मागनं, खळ न्यायला."

मामा पाटावर बसले. आईनं भाकरी वाढली, वाटीत कोफ्ते आणि रस्सा. रस्सा दाट होता. चांगला धरलेला, वर तेलाचा तवंग. ते पाहून माझी छाती फुगली. येसराशिवाय आईनं साधलं! मामांनी भाकरी मोडली, वाटीत बुडवली. तेवढ्यात दर्जी मागच्या दारानं स्वयंपाकघरात आला.

"काकू, खळ कुठाय?"

"कसली खळ?"

"पितळी पातेल्यात ठेवलीय म्हणला ह्यो."

"ती कांजी व्हय? ती रश्श्याला लावली की. बघ कसा धरलाय."

मी मामांकडं पाहत होतो. घास मिशीपर्यंत गेला होता. आता एक गोष्ट गावातल्या पोरालाही ठाऊक होती: मामा आडवे झाले तर उद्याच्या सभेत दर्जी बोलणार. एकटा, तासभर, सगळं मैदान त्याचं. त्याला काही करायचं नव्हतं. फक्त एक घास जाईपर्यंत गप्प बसायचं होतं. मी असतो तर... माझं जाऊ द्या.

"मामा, थांबा! खाऊ नगा!" तो एवढ्यानं ओरडला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

मामांनी घास खाली ठेवला. काय झालं ते ऐकलं. वाटीत डोकावून पाहिलं.

"म्हंजे मला भितीला चिकटवाय निघाला व्हता की रं तुमी."

दर्जी फस्सकन हसला. आई हसली नाही. ती चुलीपाशी तशीच उभी होती, हात कपाळाला लावून. "दिसभर हाच हुकूम सोडतोय," ती म्हणाली, "मला वाटलं, ह्यानंच तांदळाचं पीठ शिजवून ठिवलंय तुमच्या रश्श्यापायी. दुसऱ्यांदा झालं भाऊ माझ्या हातनं. आता तुमी येऊच नगा आमच्या घरी."

मामा उठले नाहीत. मला वाटलं होतं उठतील, चपला घालतील आणि पुढच्या गल्लीत जातील. तिथं खालाची भाकरी तयारच असणार. मी त्यांच्या पायांकडं बघत होतो. मामांनी मांडी बदलली फक्त.

"ताई, रस्सा ऱ्हाऊ द्या. तव्यावरचं काय उरलंय का कोरडं?"

उरलं होतं. फुटलेल्यांची ती वाटी. वाढण्याजोगं काही नव्हतंच ते. कडा करपलेल्या, आत लुसलुशीत, सगळा चुरा. आईनं ताट बदललं, हात धुतले, नवी भाकरी थापली. मामांनी तो चुरा भाकरीवर घेतला, वर ठेचा, आणि सगळं संपवलं. बोटं चाटली. म्हणाले, "आणखी हाय का?"

"नाही," मी म्हणालो. "बाकी सगळे खळीत."

"ह्यात घातलंय काय?"

मी तोंड उघडायच्या आत आई बोलून गेली, "दाळवं. दर्जीच्या आईनं सांगितलं."

"तरीच," मामा म्हणाले.

तरीच! मांस मी कुटलं. दाळवं मी दळलं. त्या पाखरासाठी मी माझंच पत्रक पेशकारापुढं वाचलं. आणि तरीच! बाकीचे सुंदर, गोल, तांबूस कोफ्ते मी आणि दर्जीनं मिळून खाल्ले. त्यानं दोन वाट्या रस्सा ओरपला आणि म्हणाला, "भितीच्या वाटणीचं आपण खाल्लं यार. लई झ्याक."

खळ गेली, पिशवीतली कणीक संपली, भित्तिपत्रकं तशीच गठ्ठ्यात राहिली. सकाळी दर्जी पत्र्याचा भोंगा घेऊन सायकलवर निघाला. गल्लीगल्लीत, थेट वेशीपर्यंत ओरडून आला. संध्याकाळी मैदान भरलं. मामा ठणठणीत होते, तास-दीड तास बोलले. सुरुवातीलाच म्हणाले, "ह्या पोराच्या गळ्यानं तुमी आलात," आणि दर्जीला पुढं ओढलं. टाळ्या. मी माझी भित्तिपत्रकं शोधली. व्यासपीठावरच्या टेबलाचा एक पाय आखूड होता. गठ्ठा त्याच्याखाली होता.

पुढच्या बैठकीत मी एक ठराव मांडला. यापुढं खळ शिजवण्याचं काम दर्जीच्या दुकानात, इस्त्रीच्या निखाऱ्यावर व्हावं. कारण म्हणून मी लिहिलं: कार्यात सुसूत्रता यावी. अनुमोदन दर्जीनंच दिलं, हसत. ठराव एकमतानं पास झाला. त्याचं ते हसणं मला आवडलं नाही, पण ठराव पक्का होता.

पंधरा दिवसांनी मामा गाडीतनं उतरले. आम्ही दोघं उभे. दर्जीच्या दुकानात पातेलं रटरटत होतं, वास रस्त्यावर येत होता.

"आज खळ कुणाकडं?" मामांनी विचारलं.

"माझ्याकडं," दर्जी म्हणाला.

"मग आज जेवण ताईकडं."

मी जिंकलो होतो. पिशवी माझ्या खांद्यावर, मामा माझ्या शेजारी, आणि आम्ही आमच्या दारावरनं पुढं न जाता आत शिरलो. आईनं या वेळी साध्या कोंबडीचा खिमा घेतला होता, कोफ्ते मी वळले होते, रस्सा नव्हताच. सगळं कोरडं, सगळं डोळ्यांसमोर. मामा बसले. एक घास घेतला आणि दाराकडं पाहत म्हणाले, "आरं, त्या पोराला बोलव की. एकटंच खळ ढवळत बसलंय."

मी उठलो नाही. आई गेली आणि त्याला घेऊन आली. त्यानं अंगणात कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा धुतले, नखंसुद्धा घासली, आणि मामांच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला. मामांनी आपल्या ताटातला सगळ्यात मोठा कोफ्ता उचलला आणि त्याच्या भाकरीवर ठेवला.

तो मोठा कोणता होता हे मला बरोबर माहीत होतं. मामांसाठी म्हणून मी तो मुद्दाम मोठा वळला होता.